मंदा त्यांच्या क्लासची नव्हती

मंदा गेल्याची बातमी मला तिच्या घरून कळली नाही, चौकातल्या फ्लेक्सवरून कळली. लातूरला सकाळी ऑफिसला निघालो होतो. सिग्नलला स्कूटर थांबवली, मान वर केली, तर समोरच्या खांबांना बांधलेला काळ्या काठाचा फ्लेक्स. डाव्या कोपऱ्यात मंदाचा फोटो, तोही वीस-एकवीस वर्षांची असतानाचा, दोन वेण्या आणि कॅमेऱ्याकडे रागानं बघणारे डोळे. उजवीकडे तिच्या तिप्पट आकाराचा, हात जोडलेला, सोनेरी चष्म्यातला एक चेहरा. मध्ये मजकूर होता : 'आमच्या क्लासची पहिली सी.ए. विद्यार्थिनी, भूकंपकन्या कै. मंदाकिनी यांना भावपूर्ण श्रद्धांजली.' सिग्नल सुटला, मागच्या गाड्या हॉर्न वाजवू लागल्या. मी 'कै.' हे एकच अक्षर पुन्हापुन्हा वाचत होतो... नांदेडला तिच्या मावशीच्या घरी फोन लावला तेव्हा कळलं, तीन दिवस झाले होते. हृदय बंद पडलं. चहाचा कप तिच्या हातात होता. ऐंशी पार केलेल्या मावशीला माझा नंबर शोधून देणारं घरात कुणी नव्हतं.

गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मंदाबद्दल वाईट बोलण्यासारखं माझ्याकडे काही नाही. पण जिवंत माणसाबद्दल खरं बोलायला कुणाची बंदी नाही, आणि सोनेरी चष्मेवाले सर अजून जिवंत आहेत, तब्येत उत्तम आहे. त्यांचं नाव मी इथं लिहिणार नाही. लातुरात ते भिंतीभिंतीवर लिहिलेलं आहे, माझ्या लेखात आणखी एकदा कशाला?

मंदाची आणि माझी ओळख झाली ती लातूरच्या एका सी.ए.च्या ऑफिसात. आम्ही दोघंही तिथं आर्टिकलशिपला, म्हणजे सी.ए. होण्याआधीच्या उमेदवारीला होतो. माझे अब्बा जिल्दसाज. व्यापाऱ्यांच्या वह्या आणि रोजकीर्दी बांधायचे, त्यामुळे हिशेबाच्या वह्यांचा वास मला लहानपणापासून ठाऊक होता, आत काय लिहितात ते नव्हतं. मंदा किल्लारीकडच्या पट्ट्यातल्या एका खेड्यातली, शेतकऱ्याची मुलगी. भूकंप झाला त्या दिवशी ती लातूरला मामाकडे होती, कॉलेजचा परीक्षेचा फॉर्म भरायला आलेली. घरातली चौघंही गेली. ती स्वतः याहून जास्त कधी बोलली नाही, म्हणून मीही लिहीत नाही. मी तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती सुट्टीला मामाकडे न थांबता तिच्या खेड्याबाहेर भूकंपग्रस्तांसाठी उभारलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये जायची. चुलतआजी तिथं एकटी होती म्हणून.

सी.ए.च्या इंटरला, म्हणजे मधल्या परीक्षेला, ऑडिट हा विषय आमच्यासारख्या मराठी माध्यमाच्या मुलांचा काळ होता. आकड्यांचे पेपर आम्ही कसेबसे निभावून न्यायचो, पण ऑडिट म्हणजे सगळी इंग्रजी वाक्यं, लांबलचक, एकात एक अडकलेली. व्हाउचिंग, व्हेरिफिकेशन, ट्रू अँड फेअर... पाठ करायचो आणि दुसऱ्या दिवशी विसरायचो. मंदानं एकदा जेवणाच्या सुट्टीत माझं पुस्तक मिटलं आणि म्हणाली, "पाठ करून काय व्हनार? इचार कर. आमच्याकडं पंचनामेवाले आले हुते. एक जन जीपमधून उतरलाच न्हाई. बसल्याबसल्या सरपंचाला इचारून लिहून राहिला हुता. दुसरा म्हातारा हुता, पाय सुजलेले, पर परत्येक भिंतीला हात लावून बगत गेला. रफीक, दोघांचा कागद दिसायला सारखाच हुता बग. ऑडिट म्हंजे तो म्हातारा." 

त्या दिवसापासून आम्ही पुस्तकातला एकेक शब्द असा सोडवत गेलो. ऑडिटर स्वतंत्र का पाहिजे, तर भावकीच्या भांडणात पंच भावकीतला नको म्हणून. 'ट्रू' आणि 'फेअर' असे दोन शब्द का, एक का पुरत नाही, यावर आम्ही आठवडाभर भांडलो. शेवटी तिनं ठरवलं की भिंत पडली हे खरं, पण कुणावर पडली ते न सांगणं रास्त नव्हे. मी आज तीस वर्षं हे काम करतो आहे. याहून चांगली व्याख्या मला कुठल्या सेमिनारात ऐकायला मिळालेली नाही.

त्याच वर्षांत लातुरात क्लासेसचं पीक आलं. अर्धा गाव भूकंपातून सावरत होता आणि उरलेला अर्धा बाहेरगावच्या मुलांना खोल्या भाड्यानं देत होता. पालक पोरांना घेऊन एसटीनं उतरायचे आणि थेट क्लासच्या रांगेत लागायचे. सरांचा अकरावी-बारावीचा क्लास जोरात होता, त्यात त्यांनी सी.ए.ची बॅच काढली. मामानं आग्रह करून मंदाला घातलं, मलाही अब्बांनी घातलं. ऑडिट सर स्वतः शिकवायचे. म्हणजे नोट्स सांगायचे. आम्ही शंभरावर मुलं त्या एका सुरात म्हणायचो, पाढ्यांसारख्या. दीडएक महिना मंदा गप्प बसली. मग एके दिवशी उभी राहिली आणि विचारलं, "सर, मालकानंच लिहून दिलं की गोदामात माल हाय, तर तेवढ्यावर पुरावा धरायचा का?"

"नोट्समध्ये आहे ते लिही," सर म्हणाले.

"नोट्समधी धरायचा म्हनलंय, सर. पर आपुन गोदामात जायाचंच न्हाई का?"

सरांनी खडू ठेवला. त्यांचा आवाज चढला नाही, हे मला नीट आठवतं. ते हसत होते. "हे बघ बाई, पत्र्याच्या शेडमधून सी.ए. होत नसतात. तुझ्यावर वाईट प्रसंग आला म्हणून मी तुला बसू दिलं. डी.एड. कर. नोकरी लागेल, लग्न होईल. आता ऊठ आणि जा, यांचा वेळ जातोय." काही मुलं हसली. मंदानं वही पिशवीत घातली, पिशवीचा बंद बांधला, सावकाश, आणि गेली. मी तिच्या मागं दोन बाकं सोडून बसलो होतो. मी वहीत बघत राहिलो. एवढंच केलं मी... पुढं खूप वर्षांनी मी त्याबद्दल माफी मागायला गेलो तेव्हा ती म्हणाली, "तू हसला न्हाईस, तेवढं बगितलं हुतं मी." या वाक्यानं मला बरं वाटावं असं तिला वाटलं असेल. मला ते आजही टोचतं.

मावशी नांदेडला सरकारी दवाखान्यात परिचारिका होती. तिनं मंदाला आपल्याकडे नेलं, आर्टिकलशिपही तिकडच्या एका ऑफिसात बदलून घेतली. मी दर रविवारी सकाळच्या एसटीनं नांदेडला जायचो. मावशीच्या ओसरीवर आम्ही समोरासमोर बसायचो. कधी विष्णुपुरीला धरणाच्या बाजूला जाऊन एकमेकांना प्रश्न घालायचो. मंदाची रीत अशी की उत्तर बरोबर आलं तरी ती विचारायची, "कशावरून?" तिसऱ्या 'कशावरून'ला मी कोसळायचो. मावशी आतून ओरडायची, "अगं, त्याला च्या तरी पिऊ दे!" परीक्षा झाली. ती पास झाली, पहिल्याच खेपेला. मी नापास, ऑडिटमध्येच, दोन मार्कांनी.

निकालानंतर आठवडा झाला नसेल, लातुरात बोर्ड लागले. तोच दोन वेण्यांचा फोटो, क्लासच्या ओळखपत्रासाठी तिनं दिलेला. 'भूकंपावर मात! आमच्या क्लासची जिद्दी विद्यार्थिनी.' त्या एका फोटोनं त्या वर्षी किती मुलं आली ते सरांनाच माहीत. मंदानं दोन पत्रं लिहिली, बोर्ड उतरवा म्हणून. उत्तर आलं ते सत्काराच्या निमंत्रणाचं. मी तिला म्हणालो, जाऊ नको. ती म्हणाली, "बोलावलंय तर जायाचं. आन् तू पुढच्या रांगेत बस."

सभागृह भरलं होतं. शाल झाली, श्रीफळ झालं, पाहुण्यांनी डोळे पुसले. मग तिला दोन शब्द बोलायला सांगितलं. ती माइकसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "मी सरांच्या क्लासला दीड महिना हुते. मग सरांनी मला सगळ्यांदेखत उठवून भाईर काढलं. का, तर मी पुराव्याचा प्रश्न इचारला. आज सर म्हनतेत मी त्यांची विद्यार्थिनी. मंग सरांनी हजेरीचं रजिस्टर आनावं. हितंच. मी थांबते." 

आणि ती खरोखर थांबली. माइकपाशी, हात मागं बांधून. सर हसत उठले, "मुलगी भावनेच्या भरात..."

"मी भावनेच्या भरात न्हाई, सर. मी रजिस्टरची वाट बगून राहिले."

रजिस्टर काही आलं नाही. मग तिनं शाल घडी करून टेबलावर ठेवली, नारळ शालीवर ठेवला आणि पायऱ्या उतरून आली. मी उभा राहून टाळ्या वाजवल्या. मी एकटाच. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात शाल घालतानाचा फोटो आला. तिच्या बोलण्यातला एक शब्द आला नाही.

एवढं शिकलेली, एवढं सोसलेली मुलगी भरसभेत असं का वागली, याचं कारण गावाला हवं होतं. ते सरांनी पुरवलं. ते कारण म्हणजे मी. बाइंडरचा पोरगा, दर रविवारी नांदेडला जातो... सर स्वतः कधी काही बोलले नाहीत. ते फक्त विचारायचे, "कोण शिकवतंय त्या मुलीला हे?" बाकीचं गाव भरून काढायचं. आम्हा दोघांत जे होतं त्याला मी प्रेम म्हणावं की नाही, हे मी तेव्हाही ठरवलं नव्हतं. ठरवायला मिळालंच नाही. मामा नांदेडला जाऊन मंदाला वाटेल ते बोलून आला. आमच्या साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून खाली मान घालून सांगितलं, "रफीक, मला या गावात राहायचंय रे." मी उदगीरला दुसऱ्या सी.ए.कडे गेलो. अब्बांनी रागावून नाही, अगदी हळू सांगितलं, "बेटा, नांदेड नक्को जाऊ. उस बच्ची के वास्ते नक्को जाऊ." मी गेलो नाही. मंदाचं लग्न ठरेना, कारण प्रत्येक स्थळाला लातूरहून कुणीतरी काहीतरी सांगायचं. दोन स्थळं मोडल्यावर तिनंच मावशीला सांगितलं, हे बास आता.

पण पोस्टकार्डं यायची. मी दर परीक्षेला ऑडिटमध्ये नापास व्हायचो आणि दर परीक्षेच्या आधी घरच्या पत्त्यावर नांदेडहून कार्ड यायचं. वर नाव नाही, खाली सही नाही, मध्ये एकच प्रश्न. 'माल गोदामात आहे हे तुला कुणी सांगितलं? ज्यानं सांगितलं तो कुणाचा माणूस?' उघडं कार्ड, सगळ्या घरानं वाचावं असं. अब्बा चष्मा लावून वाचायचे आणि म्हणायचे, "ऐसे खतां आते क्या रे तेरे कू?" आणि बाइंडिंगच्या सुताचा गुंडा बाजूला ठेवून हसत राहायचे. मी कार्डावर उत्तर लिहून पाठवायचो. चुकलं असेल तर तेच कार्ड परत यायचं, एका शब्दाची भर घालून : कशावरून? पाचव्या खेपेला मी पास झालो. तोवर मंदा फायनल होऊन नांदेडला मावशीच्या घरातच स्वतःची पाटी लावून बसली होती.

भेटायला लागलो ते अब्बा गेल्यानंतर. मामा बिछान्याला खिळला होता, गावाला नवे विषय मिळाले होते. माझं लग्न झालं होतं, बायको मंदाला चांगली ओळखून होती आणि मला म्हणायची, "त्यांच्यासमोर तुम्ही अजून परीक्षेला बसल्यासारखे दिसता." मंदाच्या ऑफिसच्या वरच्या खोलीत दर रविवारी ऑडिटचा वर्ग भरायचा. फी नाही. प्रवेशाची अट एकच. नवीन मुलगी किंवा मुलगा आला की ती विचारायची, "तुला कुनी न्हाई म्हनलंय का?" सरांच्या क्लासला आता चाळणी परीक्षा होती. तिथून परत पाठवलेली, इंग्रजी येत नाही म्हणून, मार्क कमी म्हणून, गाव लहान म्हणून परत पाठवलेली मुलं ती घ्यायची. तीच घ्यायची. एका बड्या बापाची हुशार मुलगी आली तर तिला म्हणाली, "तुला लातूरला घेतील की. जा."

काही वर्षांपूर्वी तिनं मला तातडीनं बोलावून घेतलं. सरांची आता संस्था झाली होती, कॉलेजं, वसतिगृहं. विश्वस्तांत फूट पडली होती आणि त्यातल्या विरोधी गटाचे दोघं जण मंदाकडे येऊन गेले होते. संस्थेचं ऑडिट तुम्ही घ्या, आम्ही ठराव आणतो. तिनं मला हे सांगितलं आणि मी खुर्चीतून उठलोच. म्हणालो, "घे. मी येतो सोबतीला. एकेक कागद उलटा करू. रजिस्टरं बाहेर काढू सगळी."

"न्हाई म्हनून सांगितलं मी."

"का?"

"तिथं खोट सापडावी असं मला लई वाटून राहिलंय, रफीक. जाताना आधीच ठरवून जाईन मी. म्हनून घेता येत न्हाई. तूच सांग, येतं का?"

मी तिच्यावर ओरडलो. त्या माणसानं तुझं आयुष्य नासवलं, माझं हलवलं, आणि देवानं ताटात वाढून आणलेलं तू पुस्तकातल्या एका नियमासाठी परत पाठवतेस? इतकी वर्षं मग केलंस काय? तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बदला घेतला की. दर निकालाला घेते." मला वाटलं, ती वर्गाबद्दल बोलते आहे. मोठ्या मनाचं काहीतरी सांगते आहे. मला ते पटलं नाही, आणि मी चहा न पिता निघालो.

फ्लेक्स पाहिला त्या दिवशी दुपारी मी चौकातल्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून शिडी मागून आणली. मी पन्नाशी ओलांडलेला, गुडघे दुखणारा माणूस. भर उन्हात खांबाला शिडी लावून दोऱ्या कापल्या. क्लासचा एक माणूस धावत आला, "ओ, कोनाच्या परवानगीनं काढून राहिलाव?" मी वरूनच विचारलं, "लावायची परवानगी दाखवा आधी." ती नव्हती. गुंडाळी करून मी ती थेट सरांच्या केबिनमध्ये नेली आणि टेबलावर टाकली. सर म्हातारे झालेत, पण हसणं तेच आहे. म्हणाले, "वाईट झालं रे. शेवटी आपलीच मुलगी." मी म्हणालो, "ती तुमची नव्हती. तुम्ही तिला हाकललं होतं. मी तिथं होतो, मी साक्षीदार आहे." ते म्हणाले, "तीस वर्षं झाली. अजून?" मी म्हणालो, "हो. अजून." आणि त्यांनी शिपायाला बोलावण्याआधी बाहेर पडलो. मला शरम वाटली नाही. शांतही वाटलं नाही. तीस वर्षांपूर्वी जे दोन बाकांवरून बोलायचं होतं ते आज बोललो होतो, आणि ऐकायला ती नव्हती...

तेराव्याच्या आधी मी नांदेडला गेलो. मंदाची वरची खोली मावशीनं झाडून ठेवली होती. तिथल्या कपाटातून तिनं एक बुटांचं खोकं काढून माझ्या पुढ्यात ठेवलं. "हे तुझ्याच कामाचं असंल. मला काय कळत न्हाई." आत सुतळीनं बांधलेल्या पोचपावत्या होत्या, रजिस्टर ए.डी.च्या, जुन्या पिवळ्या पडलेल्या, नव्या कोऱ्या. प्रत्येकीवर पत्ता एकच : सरांचा क्लास, लातूर. प्रत्येकीला पत्राची प्रत टाचलेली. पत्रं सगळी सारखी. वर तारीख, मध्ये त्या निकालात पास झालेल्या मुलांची नावं आणि गावं, आणि खाली एक ओळ : 'वरील विद्यार्थ्यांना आपल्या क्लासने प्रवेश नाकारला होता, माहितीसाठी सविनय सादर.' सुरुवातीच्या पावत्यांवर सरांची स्वतःची सही आहे, लफ्फेदार. पुढं पुढं ती आखूड होत गेली आहे. शेवटच्या काहींवर नुसता क्लासचा शिक्का. एकाही पत्राला उत्तर नाही. तिला उत्तर नकोच होतं. त्यांना मिळालं याचा पुरावा हवा होता, आणि तो तिच्याकडे निकालागणिक होता. मी जमिनीवर बसून सगळ्या पावत्या एकेक करून वाचल्या आणि कितीतरी दिवसांनी मोठ्यानं हसलो. मावशी घाबरून दारात आली. मग मला रडू आलं, ते तिनं बघितलं आणि पाणी आणून दिलं.

रविवारचा वर्ग मी चालवतो आहे. सकाळच्या गाडीनं जातो, संध्याकाळी परततो. मागच्या आठवड्यात निकाल लागला. भोकरची सविता पास झाली. तिच्या वडिलांचं तिथं पंक्चरचं दुकान आहे, आणि लातूरहून तिला 'तुझं इंग्रजी आमच्या बॅचला चालणार नाही' असं सांगून परत पाठवलं होतं. मी मंदाच्या टेबलाशी बसून तिच्याच कागदावर, तिच्याच मजकुरात, सविताचं नाव आणि गाव घालून पत्र लिहिलं. खाली ती ओळ लिहिली, एक शब्द न बदलता. नांदेडच्या पोस्टात खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, "रजिस्टर पोस्ट बंद झालं, आता स्पीड पोस्टानंच जाईल. पोचपावती पाहिजे का?" म्हटलं, तीच पाहिजे. त्यांनी पाकीट उलटसुलट करून पाहिलं. "पाठवणाऱ्याचं नाव राहिलं बघा." 

मी पेन काढलं आणि मंदाचं पूर्ण नाव लिहिलं, खाली त्या वरच्या खोलीचा पत्ता. तिला न विचारता तिचं नाव वापरलं, हा माझ्यावरचा आक्षेप मला मान्य आहे, आणि ती असती तर तिनं तो नोंदवला असता. पण पावती तिच्या घरी यायला हवी. काल मावशीचा फोन आला होता. पोस्टमन पावती घेऊन आला होता म्हणाली, तिनं ती डोळ्यांजवळ धरून नाव वाचलं, मंदाचंच होतं, आणि खोक्यात ठेवून दिली.